आकाशवाणी कुणाला होते?

आमच्या गावात (तालुका अंबड, आणि तेव्हा जिल्हा औरंगाबाद, जालना जिल्हा व्हायला अजून अवकाश होता) गोकुळाष्टमीला मारुतीच्या देवळात कीर्तन असायचं. मी चौथीत असेन. बुवा चांगलेच रंगात आले होते. देवकी-वसुदेवाचं लग्न लागलं, वरात निघाली, बहिणीच्या मायेपोटी कंस स्वतः रथ हाकायला बसला... इथं बुवांनी हात वर करून टाळ-मृदंग थांबवला, आवाज अगदी खाली आणला आणि म्हणाले, "आणि तेवढ्यात आकाशवाणी झाली!"

पुढच्या रांगेत बसलेल्या मी मोठ्याने विचारलं, "कोणत्या केंद्राहून?"

अख्खं देऊळ हसलं. बुवाही हसले, पण त्यांचा रंग गेला तो गेलाच. घरी येताना आता पाठीत बसणार म्हणून मी आबांपासून चार पावलं लांब चालत होतो. आबा म्हणजे माझे आजोबा. ते काही रागावले नाहीत. बरंच अंतर गेल्यावर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "दोन्ही एकच हेत बाबा. त्याला तरी कोठं उलटून इचारता येतंय?"

तेव्हा काही कळलं नाही. मार चुकला एवढंच कळलं.

हे सगळं पुन्हा आठवायचं कारण म्हणजे मे २०२३ मधली एक बातमी. प्रसार भारतीने फर्मान काढलं की यापुढे ऑल इंडिया रेडिओ हे नाव वापरायचं नाही, इंग्रजीतसुद्धा 'आकाशवाणी'च म्हणायचं. तसं १९९० च्या प्रसार भारती कायद्यात आकाशवाणी हेच नाव आहे, त्यामुळे कागदावर नवीन काही नव्हतं. आपल्याकडे तर मराठीत दुसरं काही कुणी म्हणतच नव्हतं. "आकाशवाणी. सुधा नरवणे आपल्याला प्रादेशिक बातम्या देत आहेत" हे वाक्य ज्यांच्या कानात अजून आहे, त्यांना या फर्मानाचं काय सोयरसुतक? पण माझ्या डोक्यात मात्र तो देवळातला प्रश्न पुन्हा जागा झाला. हा शब्द रेडिओला लावला कुणी? आणि का?

बहुतेकांचं ठरलेलं उत्तर असतं, रवींद्रनाथ टागोरांनी. मीही इतकी वर्षं तेच सांगत आलो. टागोरांनी कोलकाता केंद्रासाठी या नावाची कविता लिहिली हे खरंच आहे, पण ती १९३० च्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. त्याच्या आधी, १९३५ साली, म्हैसूरच्या एका प्राध्यापकाने आपल्या राहत्या घरात रेडिओ केंद्र सुरू केलं होतं आणि त्याचं नाव ठेवलं होतं आकाशवाणी. प्राध्यापकांचं नाव एम. व्ही. गोपालस्वामी. गंमत म्हणजे ते भौतिकशास्त्राचे किंवा विजेचे प्राध्यापक नव्हते, मानसशास्त्राचे होते! माणसाचं मन कसं चालतं ते वर्गात शिकवायचं, आणि घरी येऊन ज्यांची तोंडं कधी दिसणार नाहीत अशा माणसांच्या कानात बोलायचं. सुरुवातीला पैसा स्वतःच्या खिशातला. गाणं, भाषणं, कवितावाचन असं सगळं त्या घरातून चालायचं. पुढे १९४० च्या दशकात संस्थानाने ते केंद्र ताब्यात घेतलं. नाव नेमकं सुचलं कुणाला, याबद्दल मात्र एकमत नाही. काही जण ते श्रेय गोपालस्वामींचे सहकारी ना. कस्तुरी यांना देतात. पण शब्द म्हैसूरच्या त्या घरातून बाहेर पडला याबद्दल वाद दिसत नाही.

तिकडे सरकारी रेडिओचं नाव काय होतं? मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं. कंपनी तीन वर्षांत बुडाली. १९३० मध्ये सरकारने कारभार हाती घेतला आणि इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस असं लांबलचक सरकारी नाव दिलं. १९३५ मध्ये बीबीसीतून लायोनेल फील्डन नावाचे साहेब इथला कारभार बघायला आले. त्यांना ते नाव मुळीच आवडेना. त्यांनी आत्मचरित्रात सांगितलेला किस्सा असा : व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या मेजवानीनंतर त्यांनी लाटसाहेबांना गाठलं आणि आपण मोठ्या अडचणीत आहोत, सल्ला हवा, असा आव आणला. 'ब्रॉडकास्टिंग' हा शब्द इथल्या लोकांच्या जिभेला जड जातो, असंही सुचवलं. बोलता बोलता 'ऑल इंडिया' आणि 'रेडिओ' हे दोन्ही तुकडे व्हाइसरॉयच्याच तोंडून काढून घेतले आणि वर काय झकास नाव सुचवलंत म्हणून वाहवा केली. ८ जून १९३६ पासून ते नाव लागलं. (वरिष्ठाला स्वतःची कल्पना वाटेल अशा बेताने आपली कल्पना मंजूर करून घ्यायची, ही विद्या आपल्या कचेऱ्यांत तेव्हापासून आहे म्हणायची.)

म्हणजे 'ब्रॉडकास्टिंग' हा शब्द आपल्या रेडिओच्या नावातून गेला तो जिभेला जड म्हणून. आणि नेमका हाच शब्द आमच्या गावाला सगळ्यात जवळचा होता. त्याकडे येतोच, पण त्याआधी आबांकडे जाऊ.

आबा निजामाच्या राज्यातले. शाळा जेवढी झाली तेवढी उर्दूतून झाली. सातबारा समोर आला की 'साल फसली' आधी शोधायची सवय त्यांना शेवटपर्यंत होती. कापूस घेऊन ते जालन्याला अडतीवर जायचे आणि तिथं दुकानात त्यांनी पहिल्यांदा रेडिओ पाहिला. हैदराबाद संस्थानाचा रेडिओ स्वतंत्र होता. हैदराबादेत एका खासगी छोट्या केंद्रापासून त्याची सुरुवात झाली आणि १९३५ मध्ये निजाम सरकारने ते आपल्याकडे घेतलं. लोक त्याला डेक्कन रेडिओ म्हणत. औरंगाबादलाही निजाम सरकारचं केंद्र होतं. पण उर्दूत त्याला रेडिओ म्हणत नसत, 'नश्रगाह' म्हणत. आणि बिनतारी खात्याला म्हणत 'लासिल्की'.

हे दोन शब्द मला आबांकडूनच मिळाले. लहानपणी ते निजामशाही उर्दू म्हणून नुसते गमतीचे वाटायचे. नंतर एका उर्दूच्या निवृत्त मास्तरांकडे बसून त्यांची फोड करून घेतली. 'लासिल्की'तला 'ला' म्हणजे नाही, 'सिल्क' म्हणजे तार. नाही तार ज्याला ते लासिल्की. आपलं बिनतारी, बंगाल्यांचं बेतार आणि इंग्रजांचं वायरलेस हे सगळे सख्खे भाऊ. नवीन वस्तू आली की तिच्यात काय आहे यापेक्षा काय नाही यावरून नाव ठेवायचं! घोडा नसलेली गाडी म्हणावं तसं. आणि 'नश्र'? नश्र म्हणजे पसरणं, फैलावणं, चहूकडे विखुरणं. नश्रगाह म्हणजे विखुरण्याची जागा.

मास्तर हे सांगत होते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर रेडिओ आला नाही. परड्यात मेथी टाकणारी माय आली.

आता ब्रॉडकास्ट. इंग्रजीत हा शब्द रेडिओच्या दीडशे वर्षं आधीपासून आहे आणि तो शेतातला आहे. ब्रॉड म्हणजे रुंद, कास्ट म्हणजे टाकणं. ओळीत न पेरता मुठीने बी चहूकडे उधळून द्यायचं, त्याला ते ब्रॉडकास्ट म्हणत. रेडिओ आला, १९२० च्या सुमारास लोकांना ऐकवायचे कार्यक्रम सुरू झाले, तेव्हा हाच शब्द उचलला गेला. कारण तोपर्यंत बिनतारी यंत्र म्हणजे एका जहाजाने दुसऱ्याशी किंवा एका ठाण्याने दुसऱ्याशी बोलायचं साधन होतं. ज्याच्याशी बोलायचं तो ठरलेला असे. आता मात्र कुणालाच उद्देशून न बोलता सगळ्यांसाठी बोलायचं होतं. बी उधळायचं, कुठं पडेल, कुठं उगवेल, कुठं पाखरं खातील, ते ज्याचं त्याला.

आमच्याकडे याला फोकणे म्हणतात. बी फोकून दिलं, फोकून पेरलं. ज्यांची शेती सुटली आहे त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या भागात फोकणं हा काही मानाचा प्रकार नव्हे. ज्वारी, बाजरी, मूग, हे सगळं तिफणीने पेरायचं. तीन फणांचं औत, वर लाकडी चाडं, त्यात मूठ धरून बी सोडत चालायचं. चाड्यावर मूठ धरणं ही घरातल्या जाणत्या माणसाची कामगिरी, कारण मूठ सैल पडली तर दाट पेरणी, आवळली तर पातळ. बी कुठं पडलं ते त्याला ठाऊक असतं, ओळ दिसते. फोकायची ती मेथी, कोथिंबीर, असलं परड्यातलं. त्यात ओळ नाही, हिशेब नाही, उगवलं तर उगवलं. म्हणून 'ब्रॉडकास्टिंग' म्हणजे फोकणी हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा हसू आलं. बीबीसी म्हणजे ब्रिटिश फोकणी मंडळ!

पण हसू ओसरल्यावर एक जुनी गोष्ट आठवली, आणि तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

दादा म्हणजे माझे वडील. घरातला रेडिओ त्यांनी आणला, आबांच्या मनाविरुद्ध. वर्षाला परवान्याची फी पोस्टात भरावी लागायची, त्यावरूनही दोघांत कुरबुर चालायची. मराठवाड्यात १९६८ मध्ये परभणीचं केंद्र झालं, आणि शेतीचे कार्यक्रम, बाजारभाव, हवामान हे आमच्या ओट्यावर रोज ऐकू यायला लागलं. दादांचा त्यावर भारी विश्वास. रासायनिक खत, सुधारित बियाणं, सगळं त्यांनी ऐकून ऐकून केलं आणि त्यातलं पुष्कळसं साधलंही. जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी महिको काढलेली होती, सुधारित बियाण्याची चर्चा हवेतच होती. शिकलेल्या तरुण शेतकऱ्याने रेडिओ ऐकावा, वहीत टिपून घ्यावं, असा तो काळ.

त्या वर्षी मृग कोरडाच गेला होता. एक हलकी सर येऊन गेली, माती वरवर भिजली. तिफण चालवायची का थांबायचं, यावर घरात दोन दिवस खल चालला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रेडिओवर हवामान सांगितलं : मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता. दादा उठले आणि म्हणाले, "ऐकलं का? उद्या पेरायचं."

आबा म्हणाले, "आपल्या गावाचं नाव घेतलं का त्यानं?"

दादा चिडले. दुसऱ्या दिवशी तिफण जुंपली. दोन दिवसांत मूग आणि ज्वारी पेरून झाली. पाऊस आला, तो भोकरदनकडे आला. तिकडचे पाहुणे आठवड्याने आले तेव्हा सांगत होते, ओढे वाहिले म्हणून. आमच्याकडे ढग नुसते येऊन गेले. उगवलेलं मान टाकून वाळलं, उरलेलं मुंग्यांनी नेलं. दुबार पेरणीला बियाणं उधारीवर आणावं लागलं आणि त्या उधारीपायी मायच्या गळ्यातल्या दोन मण्यांखेरीजचं सगळं सोनं जालन्याला सावकाराकडे गेलं. ते परत आलं, पण तीन वर्षांनी.

रेडिओची चूक काहीच नव्हती हो. 'तुरळक ठिकाणी' सांगितलं होतं आणि पाऊस तुरळक ठिकाणीच पडला. अंदाज अगदी खरा ठरला! चूक ऐकण्यात झाली. सांगणाऱ्याने बी फोकलं होतं, दादांनी ते चाड्यातून आपल्याच ओळीत पडलं असं धरलं.

आणि इतक्या वर्षांनी शब्दांच्या मागे लागल्यावर मला वाटायला लागलं की यात त्या नावाचाही थोडा हात असावा. बघा, पुराणातली आकाशवाणी कशी असते? ती सगळ्यांसाठी नसते. भागवतात त्या प्रसंगी 'अशरीरवाक्' असा शब्द आहे, शरीर नसलेली वाणी. ती कंसाला, रथ हाकणाऱ्या त्या एका माणसाला उद्देशून बोलते. वरातीत शेकडो माणसं असतील, पण निरोप त्याच्यासाठी. दुसरं म्हणजे ती कधी खोटी ठरत नाही. 'शक्यता आहे' असं आकाशवाणी म्हणत नाही. आठवा मुलगा म्हणजे आठवा मुलगा. आणि तिसरं आबांनी सांगितलेलं, तिला उलटून विचारता येत नाही. कोणतं वर्ष, कोणती तिथी, मोजायचं कुठून, असं कंसाला विचारता आलं असतं तर सहा लेकरं वाचली असती कदाचित. पुढची कथा मग झाली नसती, ते सोडा.

फोकणीत यातलं काहीही नाही. तिथं कुणाचं नाव नाही, हमी नाही. म्हणजे एकाच यंत्राला दोन नावं, आणि दोन्ही एकमेकांच्या अगदी उलट. इंग्रजी नाव मातीतून वर गेलं, आपलं आकाशातून खाली आलं.

सरकारने हे नाव सगळ्या देशासाठी घेतलं ते १९५६-५७ च्या सुमारास. तेव्हा नभोवाणीमंत्री होते आपले मराठी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. हो, 'नभोवाणीमंत्री'. मराठी वर्तमानपत्रं तसंच लिहीत. केसकरांना रेडिओवर सिनेसंगीताचं वावडं होतं, श्रोत्यांची अभिरुची वर न्यायची त्यांची जिद्द होती, आणि श्रोते तोवर रेडिओ सिलोनकडे पळाले होते. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करून त्यांना परत आणावं लागलं. वरून चांगलं तेच देऊ, तुम्ही घ्या, हा तो भाव. त्या भावाला आकाशवाणी हे नाव फार शोभून दिसतं. आणखी एक योगायोग मला या शोधात सापडला. म्हैसूरचं ते मूळ 'आकाशवाणी' केंद्र आणि निजामाची हैदराबाद-औरंगाबादची केंद्रं ऑल इंडिया रेडिओत सामील झाली ती एकाच दिवशी, १ एप्रिल १९५० ला. एका दारातून 'आकाशवाणी' आत आली आणि त्याच दारात 'नश्रगाह' संपली. औरंगाबादचं ते केंद्रही पुढे बंद पडलं. तिथं पुन्हा केंद्र झालं ते बऱ्याच वर्षांनी.

नश्रगाहबद्दल मला हळहळ वाटते असं कुणी समजू नये. त्या केंद्रावरून १९४८ मध्ये काय काय ऐकवलं गेलं ते आबा सांगायचे. रझाकारांचे पुढारी कासिम रझवी यांची भाषणं, सगळं आलबेल असल्याच्या बातम्या. आणि इकडे गावोगावची माणसं रात्री पोरंबाळं घेऊन सरहद्दीपलीकडे निघून गेलेली. सप्टेंबरात भारतीय फौज आली, जालन्यातही आली, आणि १७ सप्टेंबरला खुद्द निजाम रेडिओवर शरणागतीचं बोलला. आबांनी ते स्वतः ऐकलं नव्हतं, ऐकणाऱ्यांकडून ऐकलं होतं. पण त्यांचा धडा पक्का झाला होता, पेटीतून येतं ते बोलणाऱ्याच्या सोयीचं असतं. १९७५ साली २६ जूनला सकाळी इंदिराबाईंचं आणीबाणीचं भाषण रेडिओवर झालं तेव्हा दादा कान देऊन ऐकत होते आणि आबा तंबाखू मळत होते, एवढं मला स्पष्ट आठवतं. नाव नश्रगाह असो की आकाशवाणी, आबांच्या लेखी फरक नव्हता.

मला मात्र फरक वाटतो, आणि मराठीपुरता तर तो दाखवताही येतो. आपल्याकडे आकाशवाणीच्या जोडीला आणखी एक शब्द होता, नभोवाणी. सावरकरांनी रुळवलेल्या शब्दांच्या याद्यांत तो असतो. वरवर अर्थ तोच, नभ काय आणि आकाश काय. पण नभोवाणी हा यंत्रासाठी बेतलेला कोरा शब्द. नभोवाणीने कंसाला काही सांगितलेलं नाही. त्यातून नभोनाट्य आलं, आणि किती सुंदर शब्द आहे तो! नाव मागे पडलं, नाट्य तेवढं राहिलं. तमिळांनीही असाच आपला शब्द केला, वानोलि. वान म्हणजे आकाश, ओलि म्हणजे आवाज. तोही आकाशातलाच, पण नुसता आवाज, वाणी नव्हे. आकाशवाणी हे नाव तिथं लादलं जातंय म्हणून तमिळनाडूत पूर्वीही विरोध झाला आणि २०२३ मध्येही झाला. आपण मराठी लोक त्याकडे हिंदी-तमिळ भांडण म्हणून बघतो. मला त्यांचा मुद्दा थोडा पटतो.

आणि मजा म्हणजे फोकणी मराठीत शिल्लक आहे, फक्त सोवळं नेसून. प्रक्षेपण, ध्वनिक्षेपण यांतला 'क्षेप' म्हणजे फेकणं. दिल्लीच्या बातम्या परभणीहून लागायच्या तेव्हा निवेदक म्हणायचे, सहक्षेपित करत आहोत. दुसऱ्याबरोबर आपणही फेकतो आहोत! हल्ली प्रक्षेपण म्हटलं की पोरांना रॉकेट आठवतं, रेडिओ नाही. असो.

उलटून विचारता येत नाही, या आबांच्या मुद्द्याला एक उत्तर मात्र महाराष्ट्रानेच दिलं होतं. १९५६ साली, युनेस्कोच्या मदतीने, पुणे केंद्राने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत श्रोतामंडळं काढली. आठवड्यातून दोन संध्याकाळी शेतकऱ्यांनी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, मग रेडिओ बंद करून त्यावर बोलायचं, आणि पडलेले प्रश्न केंद्राला लिहून कळवायचे. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं यायची. ऐका, चर्चा करा, कृती करा, असं त्याचं सूत्र होतं. प्रयोगाची पाहणी पॉल नॉयरॅट या समाजशास्त्रज्ञाने टाटा सामाजिक विज्ञान संस्थेमार्फत केली, आणि हा नमुना नंतर देशभर आणि देशाबाहेरही गेला. आमचा भाग त्यात नव्हता. नसणारच, मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, मुंबई राज्यात आला तो त्याच वर्षी १ नोव्हेंबरला.

संस्कृत नाटकात आकाशभाषित नावाचा एक प्रकार असतो. रंगमंचावर एकटाच नट असतो. तो वर बघून, न दिसणाऱ्या माणसाशी बोलतो, मध्येच कान देतो, "किं ब्रवीषि?" म्हणजे काय म्हणतोस, असं विचारतो, आणि त्याचं उत्तर स्वतःच बोलून दाखवतो. श्रोत्यांची पत्रं वाचून उत्तरं देणारा रेडिओ म्हणजे हुबेहूब हेच की! आकाशवाणी ऐवजी आकाशभाषित म्हटलं असतं तर? उच्चाराला अवघड, फील्डन साहेबांनी आधी तेच खोडलं असतं.

दुबार पेरणीच्या त्या वर्षी दादांनी रेडिओ बंद करून टाकला असेल असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. महिनाभर तो कोनाड्यात गप्प होता, मग पुन्हा लागला. फक्त दादा पोस्टकार्डं आणायला लागले. पहिल्या कार्डावर त्यांनी काय लिहिलं ते मला माहीत आहे, कारण शुद्धलेखन माझ्याकडून तपासून घेतलं होतं : तुरळक ठिकाणी म्हणजे शंभरातल्या किती ठिकाणी, कृपया खुलासा व्हावा.

आम्ही रोज संध्याकाळी ओट्यावर बसून वाट बघायचो. एक दिवस निवेदकाने दादांचं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं, तालुका अंबड म्हणाला. दादा उभेच राहिले. प्रश्न वाचला गेला आणि तज्ज्ञांनी उत्तर दिलं की विभागातल्या फार थोड्या जागी पाऊस पडणार असेल तेव्हा तसं म्हणतात, तरी शेतकरी बंधूंनी आपल्या शेतातली ओल बघूनच पेरणीचा निर्णय घ्यावा.

दादांनी अंगणात आबांकडे पाहिलं. "घेतलं बरं का आपल्या गावाचं नाव," म्हणाले.

आबा तंबाखू मळत होते. आतून माय भाकरी थापता थापता म्हणाली, "ते घेतलं वो. पण पेरायचं का न्हाई, ते शेवटी तुमच्यावरच टाकलं ना त्यानं?"